दोरीपलीकडचं बदक

कोरेगाव, १५ डिसेंबर २०२४

प्रिय शिवू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू कपाळाला आठ्या घालशील, हे मला माहीत आहे. पण नीट आठवून बघ. दिवाळी झाल्यावर बॅग उचलताना तू म्हणालीस, "आई, मी बोलावल्याशिवाय यायचं नाही. फोन करायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." पत्राबद्दल तू काहीच बोलली नव्हतीस. शाळेत शिकवत असताना पळवाटा काढणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचे. आता या वयात स्वतःच पळवाट काढून बसले आहे. हसू येत असेल तर हस. तेवढं तरी पदरात पडू दे.

आता तुझी आई म्हणजे विज्ञानाची बाई. मांजर आडवं गेलं की मुद्दाम दोन पावलं पुढे टाकणारी. तुझ्या लग्नात मुहूर्तावरून भाऊबंदांशी वाद घातला तो मीच. पण तुझ्या गळ्याची शपथ मोडायची माझी छाती होत नाही. श्रावणात जे झालं त्यानंतर तर नाहीच. सातवा महिना लागलेला, डोहाळजेवणाची साडी आणलेली, आणि डॉक्टर मान हलवत बाहेर आले. त्या दिवशी माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. शपथ पाळणं निदान माझ्या हातात आहे. म्हणून पाळते.

पुढे मी जे केलं ते तुला सोसलं नाही, तेही कळतं. सारखं खा, झोप, पुढच्या वर्षी सगळं नीट होईल, असं तुझ्या मागे लागले होते. शेजारणी आल्या, आत्या आल्या, प्रत्येकीनं एकेक सल्ला ठेवला आणि चहा पिऊन गेली. तू निघून लोणंदला गेलीस, कंपनीतली नोकरी पुन्हा धरलीस, ते ठीकच केलंस. माणसाला मोकळीक लागते. ऋषिराजही तेच म्हणतो. परवा त्याचा तिकडून फोन आला होता. लाइनमध्ये नुसती खरखर. "आई, ती माझ्याशी दोन मिनिटं बोलते, बरी आहे म्हणते. आपण तिला वेळ देऊ या." जावई फौजेत असला की तो सगळ्याच गोष्टींना वेळ द्यायला शिकतो बहुतेक.

मीही देते आहे. सकाळी आणि रात्री तुझ्या नावाखाली तू कधी फोन बघितलास ती वेळ दिसते, ती बघते आणि कामाला लागते. तुझ्या घरमालकीणबाईंना एकदा फोन केला होता. बनुबाई म्हणजे तू नव्हेस, तेव्हा तोही शपथेत बसत नाही. त्या म्हणाल्या, "पोरगी लय शांत हाय, ताई. कुणाला काय तरास न्हाई." ऐकून बरं वाटलं. रात्री मात्र नेमका तोच शब्द डोक्यात फिरत राहिला. शांत. तू लहानपणी शांत बसलीस की मी आधी कपाळाला हात लावून ताप बघायचे.

नाताळच्या सुट्टीत आपलं पक्षी मंडळ कोकणात निघालं आहे. माझं मन नव्हतं. पण नानासोंनी सोडलं नाही. तुला ते आठवत असतील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. म्हणाले, "बाई, घरात बसून भित्तीकडं बघन्यापरीस समुद्राकडं बघा." तेव्हा जाऊन येते. पत्राला उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. पाठवलंस तर मी नाही म्हणणार नाही.

तुझी आई


कोकणातला एक किनारा, २६ डिसेंबर

प्रिय शिवू,

किनाऱ्याचं नाव लिहीत नाही. नानासोंची सक्त ताकीद आहे. कारण असं की आम्हाला इथं काहीतरी सापडलं आहे.

पहाटे कुंभार्ली घाट उतरून आलो. आपल्याकडच्या माणसांना समुद्र दिसला की आधी चपला काढून पाण्यात जायचं असतं, तेही नानासोंनी करू दिलं नाही. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं वाळूचा एक दांडा आत गेला आहे. दुर्बिणी लावल्या. कुरव होते, पाणकावळे होते, नेहमीची मंडळी. आणि त्या सगळ्यांपासून बाजूला, दांड्याच्या कडेला, पाण्यात एकटं एक काळं बदक.

काळं म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत काळं. कुठं पांढरा ठिपका नाही. ठेंगणं, जाड मानेचं. एकदा बुडी मारून वर आलं, अंग झटकलं, आणि पंख उघडला तेवढ्यात पंखावर पांढरी पट्टी लख्ख दिसून गेली. अमृतने तेवढ्यात फोटो घेतला. अमृत म्हणजे उंब्रजचा, फोटो स्टुडिओवाला. त्याची घरची माणसं मूळची माणदेशातली, मेंढरं राखणारी. त्याला अजूनही लांबचं आपल्या आधी दिसतं आणि तो ते आपल्याला ऐकवतोही. फोटो हललेला निघाला, पण पट्टी आहे.

नानासोंनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग टोपी काढली. म्हणाले, हे स्कोटर, आणि त्यातही मखमली काळं. पार उत्तरेकडच्या थंड समुद्रातलं बदक. आपल्या किनाऱ्यावर कुणी बघितल्याचं त्यांच्या ऐकण्यात नाही. चाळीस वर्षं पक्षी बघणारा माणूस टोपी पुन्हा घालायची विसरला, शिवू. आम्ही सगळे लहान पोरांसारखे एकमेकांना चिमटे काढत होतो.

मंडळाचा नियम तुला ठाऊक आहे. दुर्मिळ पक्षी दिसला की त्याच्या जवळ जायचं नाही, बोलायचं नाही, उठवायचं नाही. इतक्या लांबून दमून आलेला जीव, त्याला आपला त्रास कशाला. नानासोंनी होडीवाल्यांकडून दोरी मागून घेतली, दोन बांबू रोवले आणि वाळूवर हद्दच आखली. सुट्टीला आलेली माणसं फोटो काढायला पुढे सरकली की नानासो मिशीवर हात ठेवून उभे. कुणाची टाप होती पुढे जायची?

डोळ्याच्या रंगावरून मात्र थोडी चकमक झाली. नर असेल तर डोळा पांढरा हवा, मादी असेल तर गडद. मला मोठ्या दुर्बिणीतून पिवळा वाटला. तसं म्हटलंही. नानासो म्हणाले, "उन्हं कलल्याती, बाई. ह्या उजेडात कोंबडा बी सोन्याचा दिसतोय." सगळे हसले, मीही हसले आणि बाजूला झाले. एवढ्या लांबून डोळ्याचा रंग कोण शपथेवर सांगणार?

बघ, पुन्हा तोच शब्द आला.

बदक दिवसभर पिसं साफ करत बसलं होतं. चोच पंखात, चोच छातीवर, पुन्हा पंखात. मला वाटलं, किती निवांत आहे. मी लिहिताना सारखी तुझी आठवण काढते आहे असं समजू नकोस. अधूनमधूनच काढते.

आई


तोच किनारा, २७ डिसेंबर

शिवू,

आज सकाळी तुझ्या नावाखाली कालचीच वेळ होती. काल सकाळची. इथं रेंज येते-जाते, म्हणून असेल. मी फोन दोनदा बंद करून चालू केला. मग अमृतच्या फोनवरून काहीतरी बघता येईल का असं विचारलं. तो म्हणाला, काकी, त्यात काय दिसणार, फोन तुमचा आसो की माझा, तिनं उघडला न्हाई तर न्हाई. खरं बोलला, पण मला त्याचा राग आला.

बदक आज पाण्याबाहेर आलंय. दांड्याच्या कोरड्या वाळूवर बसून आहे. कालच्याएवढ्या बुड्या नाहीत. नानासो म्हणतात, प्रवासानं दमलंय, विश्रांती घेतंय. त्यांनी रात्रीच फोटोसकट सगळी माहिती दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे पाठवून दिली. पुण्याहून, मुंबईहून फोन चालू झाले. नानासो प्रत्येकाला सांगतात की खात्री झाल्याशिवाय जागा सांगणार नाही. सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. वराचा बाप.

दुपारी एक गोष्ट झाली. गावातलं एक कुत्रं दोरीखालून आत घुसलं आणि सरळ बदकाच्या अंगावर धावलं. आम्ही सगळे ओरडलो. कुठलंही बदक उठलं असतं. हे नाही उठलं. दोन-चार पावलं सरकलं, पंख अर्धे उघडले आणि पुन्हा खाली बसलं. अमृतने वाळूचं ढेकूळ मारून कुत्रं हाकललं. माघारी येताना त्याचं तोंड उतरलं होतं. म्हणाला, "आवं नाना, ह्ये उडंना कसं?"

नानासोंकडे उत्तर तयार होतं. उत्तरेकडच्या पक्ष्यांनी माणूस पाहिलेला नसतो, कुत्रं पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्यांना भीती नसते. हे पुस्तकात आहे आणि खरंही आहे. मी स्वतः वर्गात सांगितलेलं आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, किती निर्धास्त जीव आहे बघा.

माझी मान मात्र हलली नाही, शिवू. कशानं, ते मी तेव्हाही कुणाला बोलले नाही आणि आताही नीट सांगता येत नाही. ते सारखं छाती टोकरत होतं. स्वच्छ असलेला प्राणी दोन दिवस सारखा काय साफ करतो? पण पुढे जायचं म्हणजे दोरी ओलांडायची, आणि उडालंच तर सगळ्यांच्या आयुष्यातला तो एक पक्षी माझ्यामुळे गेला असं होणार. नानासो मला जन्मात क्षमा करणार नाहीत. मी दोरीला हात लावून उभी राहिले आणि मग चहा प्यायला गेले.

रात्री जेवण गेलं नाही. मासे ताजे होते म्हणे.

तू जेवतेस ना? हा प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं. विचारला. आता खोडत नाही.

आई


तोच किनारा, २८ डिसेंबर

शिवू,

मी दोरी ओलांडली.

सकाळी गेलो तेव्हा ते भरतीच्या रेषेवर, ओल्या कचऱ्यात पडल्यासारखं बसलं होतं. मान आत घेतलेली. पाणी अंगावर आलं तरी हललं नाही. नानासो दुर्बीण लावून म्हणाले, झोपलंय. मी चप्पल तिथंच सोडली आणि चालायला लागले. मागून आवाज आला, "बाई, मागं फिरा. बाई, आवं, उठंल त्ये!" मी फिरले नाही. सुभेदाराचा आवाज पाठीवर घेऊन चालणं सोपं नसतं. पण ते उडावं असंच मला वाटत होतं. मनातून म्हणत होते, उड रे बाबा, उड, माझी फजिती कर, सगळ्यांच्या शिव्या खाते, पण उड.

नाही उडालं. मी ओढणी टाकली आणि दोन्ही हातांनी उचललं. वजनच नव्हतं त्याला. छातीचं हाड हाताला लागत होतं. आणि माझे हात काळे झाले.

तेल होतं, शिवू. समुद्रावर जहाजांच्या तेलाचे थर येतात, डांबरासारखे गोळे वाळूवर पडलेले असतात, आम्ही ते चुकवत चालतो. ते त्याच्या पोटापासून पाठीपर्यंत बसलं होतं. पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या काड्या झालेल्या. तीन दिवस ते बिचारं तेच काढत होतं आणि प्रत्येक वेळी थोडं पोटात घालत होतं. मी ओढणीच्या टोकानं कुशीवरून जरा पुसलं तर खालून पांढरं निघालं. डोक्यामागे बोट फिरवलं तर चिकटून बसलेली शेंडी वर आली. डोळा पिवळा. चांगला पिवळाजर्द.

शेंडी बदक. आपल्याकडच्या तलावांवर हिवाळ्यात थव्यांनी असतात ती. काळी पाठ, पांढरी कूस, मागे शेंडी. पंखावर पांढरी पट्टी त्यालाही असते. तू बालवाडीत होतीस तेव्हा तुला ओळखता यायची. आम्ही सगळे सातारा-सांगलीकडचे, हे बदक दर रविवारी बघणारे, आणि इथं येऊन ओळखू शकलो नाही. कारण समुद्रावर समुद्राचंच बदक बघायचं असं आम्ही घरून ठरवून आलो होतो. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे आम्ही लांब उभे होतो. दहा पावलांवर गेलं असतं तर पोरालाही कळलं असतं.

नानासो शेजारी येऊन उभे राहिले.  मग स्वतःचा स्वेटर काढला आणि माझ्या हातातल्या पक्ष्याभोवती गुंडाळला.

अमृतने कुठून कुठून नंबर काढून जखमी पक्ष्यांची सोय करणाऱ्या लोकांना फोन लावला. ते म्हणाले, धुवायच्या भानगडीत पडू नका, थंडीनं मरेल, खोक्यात ऊब देऊन ताबडतोब आणा. आम्ही गाडी काढली. वाटेत खोकं माझ्या मांडीवर होतं. आत अधूनमधून नखांचा आवाज यायचा, मग थांबायचा, आणि थांबला की मी झाकण किलकिलं करून बघायचे.

तिथल्या मुलानं बदक तपासलं आणि विचारलं की हे कधीपासून दिसत होतं. नानासोंनी खरं सांगितलं. तो वैतागला. परवाच आणलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाला. तुम्ही तिथंच होता ना? मग काय करत होता?

मी म्हणाले, "आम्ही त्याला त्रास होऊ नये म्हणून बघत होतो."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकवेना. आता तू म्हणशील, आईनं बदकातूनही माझ्यावर लेक्चर काढलं. नाही गं. तू काही बदक नाहीस. पण परतीच्या वाटेवर मला तुझ्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही, हे लपवून काय करू?

तुझ्या नावाखाली अजून तीच वेळ आहे.

आई


कोरेगाव, ३० डिसेंबर

शिवू,

बदक काल रात्री गेलं. आज रात्री आठच्या सुमाराला नानासोंचा फोन आला. आवाज असा की मी आधी ओळखलाच नाही. त्यांनी पाठवलेली माहिती मागे घेतली म्हणे, सगळ्यांना कळवलं की चूक झाली. "लोकं हसत्याल, हसू द्या," म्हणाले. "पर बाई, म्या तीन दिवस राखण केली. कुनाला म्हणून जवळ जाऊ दिलं न्हाई. त्येच्या मरनाचीच राखण केली म्हनायची." मी त्यांना म्हटलं, दोरी धरून मीही उभी होते. 

फोन ठेवला आणि बनुबाईंना लावला. यावेळी मी "शिवू बरी आहे का" असं विचारलंच नाही. त्याला "बरी आहे" हेच उत्तर असतं. मी विचारलं, ती ड्युटीवरून किती वाजता येते.

 बनुबाई म्हणाल्या, "ड्युटी? ती कवाच सोडली की, ताई. महिना झाला आसंल."

मग मी एकेक विचारत गेले. बाहेर पडते का? न्हाई. दळण, भाजी? म्या कवातरी ठेवती दारात, पोरगी कवा घेती, कवा तशीच आसती. दिवा? लावत न्हाई बहुतेक. आज बघितली का? आज न्हाई. काल नळ सोडल्याचा आवाज आला होता. मी म्हटलं, बनुबाई, तुम्ही मला हे सांगितलं का नाही? तर त्या म्हणाल्या, "आवं, तुमी इचारलंच न्हाई. आन पोरीनं मला सांगितलं हुतं, कुनाला काय सांगू नगा. माजं बी चुकलं आसंल. मला वाटलं, दुःखात हाय, तिला कशाला तरास द्या."

सगळ्यांनी तुला त्रास दिला नाही, शिवू. ऋषिराजनं नाही, बनुबाईंनी नाही, मी नाही. सगळे किती समजूतदारपणे वागलो.

ऋषिराजला फोन लागत नाही, त्याच्या युनिटमध्ये निरोप ठेवला आहे. बनुबाईंना सांगितलं आहे की रात्री तुझ्या दारापाशी खाट टाका आणि तासातासानं हाक मारा. उत्तर आलं नाही तर दार फोडा, दाराचे पैसे मी भरते. त्या हो म्हणाल्या. आत्ताच त्यांचा फोन आला की तू आतून "काय आहे" असं म्हणालीस. चिडून म्हणालीस म्हणे. त्या चिडण्यासाठी मी देवापुढे साखर ठेवली. होय, मी. विज्ञानाची बाई.

शेवटची गाडी चुकली. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते. शपथेचं मी खूप वेळ बसून ठरवलं. मोडली तर तुला काही होईल ही भीती अजून आहे, गेलेली नाही. पण पाळली तर काय होतंय ते आता मला कळलं. शपथ तुझ्या गळ्याची होती, पण मोडणारी मी आहे. तिचं जे काही फळ असेल ते मला लागू दे.

हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही, माझ्यानंतर पोहोचेल. किनाऱ्यावरची तिन्ही पत्रंही पर्समध्येच राहिली. सगळी बरोबर घेते.

आई


लोणंद, ३१ डिसेंबर, तुझ्या दाराबाहेर

शिवू,

मी आले आहे. तू मला बोलावलेलं नाहीस. तरी आले.

हाक मारली, ऐकलीस हेही मला कळलं, कारण आतली हालचाल थांबली. बनुबाई म्हणतात कडी हलवा. मी हलवत नाही. पण परतही जात नाही. माझी सतरंजी इथं अंथरली आहे, बनुबाईंनी भाकरी करायला घेतल्या आहेत, आणि शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मी कोण ते दोनदा विचारून घेतलं आहे. मी आज उठणार नाही. उद्याही नाही. तुला राग आला असेल तर दाराच्या आतून शिव्या दे, मला चालतील.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी पुढच्या वर्षाचं काही बोलणार नाही. सगळं नीट होईल असंही म्हणणार नाही. बाळ गेलं. माझं नातवंड गेलं आणि मी त्या दिवसापासून तुझ्यासमोर एकदाही रडले नाही, कारण मला वाटलं, मी रडले तर तू खचशील. आज गाडीत रडले. कंडक्टरनं तिकीट न देता आधी पाणी दिलं.

हा कागद दाराखालून सरकवते. अर्धा आत, अर्धा बाहेर. नको असेल तर राहू दे तसाच.

आई


तिथेच, जरा वेळानं

कागद आत गेला. मी बघत होते. हळूच गेला, मग एकदम.

शिवू, मला एवढं पुरे आहे. तू आहेस. दाराच्या त्या बाजूला हातभर अंतरावर आहेस. बनुबाईंना खूण केली, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. किनाऱ्यावरची पत्रं आता देत नाही, मोठी आहेत, नंतर वाच किंवा वाचू नकोस.

हवं असेल तर याच कागदाच्या मागे एक शब्द लिही. नसेल तर नखानं दार वाजव. मी ऐकते आहे.

आई


तिथेच

तुझा कागद आला. तीनदा वाचला. "आई, दार उघडते. मला बघून घाबरू नकोस."

तू कागदावर लिहिलंस, म्हणून हेही लिहूनच सरकवते. घाबरू नकोस म्हणतेस, ते माझ्या हातात नाही. मी घाबरेन. पण घाबरले तरी मागे सरणार नाही.

उघड, बाळा.